मामाने खोडलेला परिच्छेद

माझा मामा चष्मे करतो. ‘विकतो’ म्हटलेलं त्याला खपत नाही. "विकायला काय, कोणीही विकेल. मी करतो," असं म्हणून तो समोरच्याला मागच्या खोलीतलं काच घासायचं यंत्र दाखवायला नेतो, आणि मग त्या बिचाऱ्याची अर्धा तास सुटका नसते. दुकान म्हणजे औषधांचं दुकान आणि किल्ल्या करणाऱ्याची टपरी यांच्यामधे अंग चोरून बसलेल्या तीन खोल्या. पुढे फ्रेमांचं काचेचं कपाट, मधे तपासणीची खोली, मागे यंत्र. तपासणीच्या खोलीत एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि टेबलावर एक लाकडी पेटी. पेटीत निळ्या मखमलीच्या खाचांत दोनशेच्या वर गोल भिंगं. मामा ज्यांच्या हाताखाली काच घासायला शिकला, त्या उस्तादांनी आपले हात थरथरायला लागल्यावर ती पेटी त्याला दिली. तिला मामीसुद्धा हात लावत नाही.

मामाचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर चाललंय. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, त्यात एक भिंग सरकवायचं, मग ते काढून दुसरं, आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" ही सवय त्याच्या अंगात इतकी भिनली आहे की भाजी घेतानाही तो दोन हातांत दोन कोबी धरून मामीला विचारतो, हे बरं, की हे? मामी म्हणते, "लग्नाच्या वेळी यांच्यासमोर दोघींचे फोटो होते. दुसरीचा फोटो जरा हलला होता, म्हणून मी निवडून आले." मामा चष्मा पुसत बसतो.

गिऱ्हाइकाच्या तोंडावर गोड बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. एकदा एका बाईंनी विचारलं, या फ्रेममध्ये माझा चेहरा लहान दिसतो ना? मामा म्हणाला, "चेहरा माझ्या हातात नाही. नंबर आहे, तो बरोबर आहे." आणि फोन! नमस्कार नाही, चमत्कार नाही, फोन उचलला की पहिला प्रश्न, "काय होतंय?" लोक दचकायचे. नुसता नंबर काढायचाय हो, म्हणायचे. "ते कळलं. पण होतंय काय?" उत्तर ऐकून दहातल्या एखाद्याला तो तिथल्या तिथे सांगायचा, माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा. आलेल्या गिऱ्हाइकांपेक्षा अशी परत पाठवलेली माणसं त्याच्या जास्त लक्षात राहायची.

मलाही त्यानेच वर काढलं. शाळेत मी ढ म्हणून शेवटच्या बाकावर बसायचे. मामा एकदा घरी आला, मला भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले विचारलं आणि मी डोळे बारीक करताना पाहून म्हणाला, "ही ढ नाही. हिला फळाच दिसत नाही." चार दिवसांनी चष्मा लावून मी घरी आले, तेव्हा आईच्या हनुवटीवर तीळ आहे हे मला पहिल्यांदा कळलं. आठ वर्षं मी त्या तिळाखाली वाढले होते. अशा माणसाशी मी जे वागले ते आता सांगते. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते.

मी शब्द निवडते. हसू नका, हेच माझं काम. आमच्या ऑफिसात आम्ही बाराजण वेबसाइटसाठी शब्द निवडतो. समजा तुम्हाला चष्मा हवाय. तुम्ही फोनमध्ये काहीतरी लिहून शोधता. तुम्ही लिहिलेले शब्द ज्या पानावर जागच्या जागी असतील ते पान वर येतं. पण नुसतं ‘चष्म्याचं दुकान’ लिहून भागत नाही, ते सगळेच लिहितात. खरी मेख असते त्या शब्दाच्या गोतावळ्यात. चष्मा शोधणारा माणूस आणखी काय शोधतो? डोकेदुखी शोधतो, डोळ्यांतून पाणी येणं शोधतो, मुलांचा नंबर कधी तपासावा ते शोधतो. असे नात्यातले शब्द हुडकायचे. शोधणारे भरपूर आणि लिहिणारे थोडे असतील ते उचलायचे आणि पानात पेरायचे. आमचं एक सॉफ्टवेअर पानाला गुण देतं. कडेला एक गोल असतो, तो लाल, पिवळा नाहीतर हिरवा होतो. आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे ‘टक्के’ म्हणतो, कारण बायकोची तब्येत विचारली तरी ते "ऐंशी टक्के बरी आहे" असं सांगतात. टक्केंचा नियम एकच: गोल हिरवा झाल्याशिवाय जागचं उठायचं नाही. मी या कामात तरबेज होते. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

दोन वर्षांपूर्वी चौकात एक मोठं चकाचक चष्म्यांचं दुकान आलं आणि मामाच्या खुर्चीत दुपारभर कोणी बसेना. मामा यंत्राला तेल घालायचा, पुन्हा घालायचा. मला ते बघवेना. मी म्हटलं, मामा, मी तुझं पान करून देते. तो नको नको म्हणत होता, शेवटी मामीने भरीला घातलं. त्याने एक अट घातली. "माझ्या नावावर जे जाणार, ते मी आधी वाचणार. कागदावर. वाचून सही करीन, मगच लाव."

मी शब्द काढायला बसले. यादीत खाली एक सापडला: ‘डोळ्यासमोर काळे ठिपके’. मी खुर्चीत उडालेच. शोधणारे ढिगाने, आणि आमच्या भागातल्या एकाही पानावर त्यावर धड चार ओळी नव्हत्या. आयता रस्ता! मी झटक्यात लिहून टाकलं: ‘डोळ्यासमोर काळे ठिपके दिसणे ही अनेकांची तक्रार असते. डोळ्यांवरचा ताण किंवा चुकीचा नंबर हे त्याचे कारण असू शकते. काळजी करू नका. अचूक तपासणीसाठी आमच्याकडे वेळ ठरवा.’ यातलं मला काय कळत होतं? काही नाही. चार ठिकाणचं वाचून मी पाचवं लिहिलं होतं. आमच्याकडे सगळे असंच लिहितात.

मामाने छापील कागद घेतले, पट्टी घेतली. प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून तो वाचतो. त्या परिच्छेदावर आला आणि लाल पेन्सिलने वरपासून खालपर्यंत रेघ ओढली.

"हे सगळं काढ."

"अरे मामा, लोक हेच तर शोधतात!"

"शोधणारच. घाबरून शोधतात. हे बघ, एखादा ठिपका वर्षानुवर्षं तरंगत असतो, त्याचं काही नाही. पण एकदम खूप आले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं, तर आतला पडदा फाटत असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. अशा माणसाला मी काय फ्रेमा दाखवत बसू?"

मी बरं म्हटलं. काढला. नवे कागद छापून आणले, त्याने पुन्हा पट्टी धरून पहिल्यापासून वाचले आणि शेवटच्या पानावर सही केली. ते कागद घेऊन मी ऑफिसला गेले आणि पान लावलं. गोल पिवळा. चौऱ्याहत्तर. मी इकडचा शब्द तिकडे केला, एक मथळा बदलला. पंचाहत्तर. टक्के मागून जाताना म्हणाले, "घरचंच काम आणि पिवळं?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मग मी स्वतःला समजावलं. ठिपके दिसलेला माणूस हे वाचून येणार कुठे? मामाकडेच ना? आणि मामा त्याला डॉक्टरकडे पाठवल्याशिवाय राहणार आहे का? म्हणजे त्याचं भलंच झालं की. इतकं गुळगुळीत कारण हाताशी आल्यावर कोण थांबतं? मी परिच्छेद परत चिकटवला. एक्क्याण्णव, हिरवा. मामाने सही केलेले कागद ड्रॉवरमध्ये टाकले आणि शीळ घालत घरी गेले. एवढ्यावरच थांबले नाही. पानावर मामाचा फोन नंबर खाली ढकलला आणि वर वेळ ठरवायचा फॉर्म टाकला. त्यात आधी ‘काय होतंय?’ असा रकाना होता. टक्के म्हणाले, जितके रकाने कमी तितके लोक जास्त. तो रकाना मी काढला. राहिलं नाव, नंबर आणि वार.

दीड महिन्यात पान पहिल्या जागेवर आलं. मी मामाकडे धावत गेले, "मामा, पहिला नंबर!" तो म्हणाला, "कशात?" पण खूश होता. खुर्ची रिकामी राहीना. प्रत्येकाला चाळीस मिनिटं देणारा माणूस, दिवसाला किती तपासणार? वेळ मिळायला आठ-आठ, नऊ-नऊ दिवस लागायला लागले. मामी म्हणाली, "तुझ्या हाताला गुण आहे गं." मीही मान डोलावली.

त्या बाई आल्या तो शनिवार होता. मी पुढे फ्रेमा पुसत बसले होते. बाई पन्नाशीच्या, काजं करणाऱ्या. कोटाला हाताने काजं करायची त्यांची खासियत. तीन शिंपी कोट त्यांच्याच घरी पाठवायचे. खुर्चीत बसल्या. मामाने चौकट हातात घेतली आणि विचारलं, "काय होतंय?"

"नऊ दिवसांपूर्वी एकदम ठिपके आले. माशा उठाव्यात तसे. कडेला चमकायचं पण. आता या उजव्या डोळ्यात खालून काळं काळं वर चढत आलंय."

"नऊ दिवस?" मामाच्या हातातली चौकट हातातच राहिली. "डॉक्टरकडे का नाही गेलात हो?"

"तुमच्या पानावर होतं ना," बाई म्हणाल्या. "ठिपके नंबरमुळे येतात, काळजी करू नका, वेळ ठरवा, असं. मी त्याच दिवशी नाव घातलं. आजची वेळ मिळाली."

मामा माझ्याकडे वळून बघत राहिला. मग त्याने बाईंना हाताला धरून उठवलं, पुढे वाट बघणाऱ्या दोघांना "आज नाही, माफ करा" म्हटलं आणि अंगातला पांढरा कोटही न काढता त्यांना गाडीत घालून डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेला. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या दोन दिवसांत आल्या असत्या तर नुसती चीर असताना लेझरने बंद करता आली असती. आता पडदा पुरता सुटला आहे. पुढे त्या डोळ्याने उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं.

संध्याकाळी मामा दुकानात परत आला. मी तिथेच बसून होते. त्याने कोट खुंटीला अडकवला आणि शांतपणे विचारलं, "ते मी काढायला सांगितलं होतं ना गं?"

"हो."

"मग?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "शेवटचे कागद तूच वाचून सही केलीस ना, मामा."

या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. त्यानेच वाचले होते, त्यानेच सही केली होती. म्हणून तर ते इतकं हलकट होतं. मामा खुर्चीत बसला, गिऱ्हाइकाच्या. बराच वेळ समोरच्या तक्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे दुसऱ्यांदा माझ्या नजरेतून सुटलं." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोन काढला, तिथल्या तिथे परिच्छेद काढून टाकला आणि "काढला बघ" असं म्हणून घरी आले.

पुढचे पाच आठवडे मी कामाचं निमित्त काढून मामाकडे फिरकले नाही. तो आधी इस्पितळात आणि मग बाईंच्या घरी रोज जात होता हे कानावर येत होतं. बाईंच्या शेजारी बसून "चूक माझी, माझ्या नावावरचं होतं आणि मला दिसलं नाही" असं त्यांना सांगत होता, हेही. दर वेळी मला वाटायचं, उद्या सांगू. आणि उद्या उजाडला की वाटायचं, आता सांगून बाईंचा डोळा थोडाच परत येणार आहे. अशी कारणं मला कधीच कमी पडली नाहीत. लाज वाटायची, जेवण जायचं नाही, पण तोंड काही उघडायचं नाही.

मग एका दुपारी मामी माझ्या ऑफिसात आली. ती कधी येत नाही. जिन्याखाली उभी राहून बोलली.

"तू येऊन त्यांच्याशी बोल बाई. दुकान उघडायच्या आधी अर्धा तास जाऊन त्या तक्त्यासमोर बसतात. एक डोळा हाताने झाकतात आणि वाचतात. मग दुसरा झाकतात. मला मागे उभं करतात आणि विचारतात, बरोबर वाचलं ना? अगं, तो तक्ता त्यांना तीस वर्षं पाठ आहे! परवापासून तर मला अक्षरं उलटसुलट लिहून द्यायला सांगतात. सगळी बरोबर वाचतात, तरी पटत नाही त्यांना. काल म्हणाले, पेटी चौकातल्या दुकानात नंबर काढते त्या मुलीला देऊन टाकू, हुशार आहे. उस्तादांचे हात थरथरले तर त्यांनी सोडलं, माझी नजर चुकायला लागली तर मी कशाला चिकटून बसू? महिनाअखेरीला तपासणी बंद करणार आहेत."

मामी गेली. मी वर येऊन ड्रॉवर उघडला. कागद तिथेच होते, खाली मामाची सही, तारखेसकट. मला स्वतःची इतकी किळस आली की तो ड्रॉवर मी धाडकन लावला आणि टक्के दचकून म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, "शंभर टक्के वाईट झालंय, साहेब. मला उद्या सुट्टी हवीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा शटर अर्धं वर होतं. वाकून आत शिरले. मामा खुर्चीत बसला होता, डावा हात डाव्या डोळ्यावर. भिंतीवर मामीच्या अक्षरातला कागद चिकटवलेला. मी त्याच्या मांडीवर ते कागद ठेवले.

"मामा, हे तू सही केलेले कागद. वाच."

त्याने सवयीने पट्टी घेतली. एक ओळ, मग पुढची ओळ. चारही पानं वाचली. मग पहिल्या पानावर परत गेला आणि पुन्हा वाचली.

"नाहीये यात."

"नाहीये. मी नंतर घातलं. तू काढलंस, मी परत घातलं. गुण कमी पडत होते म्हणून."

मला वाटलं तो ओरडेल. त्याऐवजी त्याच्या खांद्यांतून सगळा ताण निघून गेला. त्याने डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की कागद हलले. "म्हणजे मला दिसलं होतं," तो म्हणाला. "पहिल्यांदाही, दुसऱ्यांदाही." त्या माणसाला हायसं वाटलेलं बघून मला जे वाटलं, ते शिव्या खाऊन वाटलं नसतं.

मग त्याने डोळे उघडले. "त्या बाईंचा एक डोळा गेला. माझे तर तू दोन्ही काढून घेतलेस. पाच आठवडे."

मी रडायला लागले.

"रडू नकोस. रडलं की वाटतं, झालं आपलं काम. बाईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग अर्ध्यात काय थांबलीस? त्यांना मी खोटं सांगत बसलोय रोज, माझी चूक म्हणून. ते तूच निस्तर."

मी निघाले तर म्हणाला, थांब, आधी ते मशीन उघड. मी लॅपटॉप उघडला. "ते ठिपके परत घाल." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "घाल म्हणतो ना. लोक तेच शोधत येणार. तू काढलंस तर दुसऱ्या कोणाच्या पानावर जातील, आणि तिथेही कोणीतरी तुझ्यासारखी बसली असेल. येऊ देत इथेच. आल्यावर काय सांगायचं ते मी सांगतो." त्याने दोन-तीन प्रकारे वाक्यं सांगितली, मी लिहिली, आणि प्रत्येक वेळी मी विचारलं, हे बरं, की हे? शेवटी जे राहिलं ते असं: ‘डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके आले? कडेला चमकते आहे? आमच्याकडे येऊ नका. वेळ ठरवू नका. आजच, आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.’ फॉर्ममध्ये ‘काय होतंय?’ हा रकाना सगळ्यात वर आला. फोन नंबर त्याच्याही वर. गोल पिवळा झाला तो अजून पिवळाच आहे. टक्के कुरकुरतात की त्या ओळी वाचून लोक सहा सेकंदांत पान सोडून जातात. मी म्हणते, जाऊ देत.

पेटी मामाकडेच आहे. चौकातल्या मुलीला त्याने सांगितलं की शिकायला ये, पेटी नंतर बघू.

बाईंकडे मामा माझ्याबरोबर आला नाही. "मी आलो तर तू माझ्या आडून बोलशील," म्हणाला. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीशी लावलेलं स्टूल, मांडीवर काळा कोट. मामाने करून दिलेला चष्मा त्यांनी घातला होता. माझ्याकडे बघायला त्यांना सगळी मान वळवावी लागली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शब्द कसा सापडला, मामाने कसा खोडला, मी परत का घातला, ते मामावर कसं ढकललं. काही राखून ठेवलं नाही. बाई काज घालत होत्या, ते त्यांनी थांबवलं.

"मी हेच लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "डोळ्यासमोर काळे ठिपके. अगदी याच शब्दांत. आणि तुमच्या पानावर तेच शब्द. मला वाटलं, कोणीतरी माझंच ऐकून लिहिलंय. म्हणून तर मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही."

मी फोन काढून नव्या ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी नीट ऐकल्या.

"हे लिहायला किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं."

"आणि ते आधीचं?"

"तेवढाच."

त्यांनी मान हलवली. खाली कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. मग म्हणाल्या, "तुमच्या मामांना मी रोज म्हणत होते, तुमची चूक नाही हो, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला काय म्हणायचं ते मला सुचत नाही."

मी जायला वळले. "आल्याच आहात तर एवढी सुई ओवून द्या," बाईंनी हाक मारली. "एका डोळ्याला सुई किती लांब आहे तेच कळत नाही. शेजारणीला किती वेळा बोलवायचं?"

मी स्टुलाशी खाली बसले. सुई घेतली, काळा दोरा घेतला. टोक ओलं केलं, उजेडाकडे धरलं. माझे दोन्ही डोळे शाबूत होते, मामाचा चष्मा नाकावर होता, आणि दोरा तीनदा बाजूने गेला. बाई हात पुढे करून वाट बघत होत्या.